आईला दिसायला लागलं, त्या दिवशी

कंडक्टरनं दोरी ओढली, घंटा वाजली. "नटीचा लिंब! चला, नटीचा लिंब!" असं तो ओरडला आणि मी पिशवी सावरत उतरले.

लिंब तिथं नाही. बारामती-इंदापूर रस्ता रुंद केला तेव्हाच तो पाडला. त्याच्या जागी आता चहाची टपरी आहे, उसाच्या ट्रॉल्यांची पंक्चरं काढणारं एक दुकान आहे, आणि पत्र्याच्या पाटीवर निळ्या अक्षरांत हे नाव आहे. झाड गेलं, सावली गेली, जिच्यावरून नाव पडलं ती बाई कधीचीच गेली. पाटी तेवढी दर दिवाळीला नव्यानं रंगवतात.

टपरीच्या बाकावर दोन म्हातारे बसले होते. नटी कोणती, यावरून त्यांचा वाद चालला होता. एकानं एका बाईचं नाव घेतलं, दुसऱ्यानं दुसरीचं. टपरीवाल्यानं तिसरीचंच सांगितलं, आणि ती तर त्या काळी पाळण्यातही नसेल. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "मी होते त्या दिवशी हितं."

तिघंही एकदम माझ्याकडे वळले. टपरीवाल्यानं गाळणं बाजूला ठेवलं. "मग सांगा की मावशी. गाडी काळी व्हती का पांढरी?"

"त्या दिवशी माझ्या आईला दिसायला लागलं," मी म्हटलं. "कितीतरी वर्षं तिला दिसत नव्हतं. बारामतीला ऑपरेशन झालं होतं, पट्टी सुटली आणि आम्ही त्याच दिवशी घरी आलो."

"आसं व्हय," तो म्हणाला. गाळणं पुन्हा हातात घेतलं. "पण गाडी?"

मी चहा तसाच ठेवून उठले. या वयात एवढा राग बरा नव्हे, असं माझी सून म्हणते. पण हा राग आजचा नाही.

आई जन्मापासून आंधळी नव्हती. मी रांगत होते तेव्हा तिच्या डोळ्यांवर साय धरू लागली आणि मी चालायला लागेपर्यंत ती दुधावरच्या सायीसारखी घट्ट झाली. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो, असं सगळे म्हणत. आईला तो ऐन तरुणपणी झाला. तिला उजेड कळायचा. दार कुठं आहे आणि चूल कुठं आहे एवढं कळायचं. पण दारात उभा माणूस बाप्या की बाई, हे तो बोलल्याशिवाय कळायचं नाही. भाकरी ती वासावर भाजायची. पापुद्रा सुटला की एक बारीक सुस्कारा निघतो, तो मला कधी ऐकू आला नाही, तिला यायचा. पावटा निवडताना किडका दाणा तिच्या बोटांना आधी कळे. सकाळी मी उठले की ती माझा चेहरा दोन्ही हातांत घेई आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटं फिरवी. राखेचा आणि शेणाचा वास असलेली ती बोटं. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया आपल्या मुलींना असंच बघतात.

बाकी सगळं तिला गोदाकाकू दाखवायची.

गोदाकाकू शेजारची. ती आणि आई एकाच वर्षी या गावात नांदायला आल्या, एकाच आडावर पाणी भरायला लागल्या. आईचे डोळे गेल्यावर गोदाकाकूनं आपले डोळे तिच्या दिमतीला दिले. रोज दुपारी भांडी घासून झाली की ती आमच्या पडवीत येऊन टेकायची आणि सुरू करायची. "सुबे, पाटाच्या कडंचा ऊस आता तुऱ्याला आलाय बग. वारा आला की आख्खं शेत मान हलवतंय." "सुबे, पाटलाची नवी सून लई उंच हाय, दारातनं वाकून येती." तिच्या सांगण्याला चव होती. कधीकधी खरेपणापेक्षा चव जास्त असायची. मी समोर बसलेली असताना ती आईला माझं नाक सरळ असल्याचं सांगे आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावी. फक्त स्वतःविषयी तिनं कधी एक शब्द सांगितला नाही. आईनंही विचारलं नाही. आईच्या मनात गोदाकाकू अजून तीच होती, जाईच्या वेलीसारखी लवलवती, खांद्यावर घागर घेऊन हसणारी नवी नवरी.

त्या हिवाळ्यात बारामतीला डोळ्यांचं शिबिर भरलं. पुण्याहून डॉक्टर येणार, पैसे लागणार नाहीत, अशी दवंडी आमच्याही गावात फिरली.  संध्याकाळी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैलगाडीच्या चाकांना वंगण घातलं, त्यावरून आम्हांला कळलं, की जायचं ठरलं.

निघताना गोदाकाकू गाडीच्या साटीला धरून उभी होती. "डोळं उघडलं की गावातलं पयलं तोंड माजं बगायचं. दुसऱ्या कुणाचं बगितलंस तर बोलायची न्हाय मी."

"डोळं झाकून येते की तुज्या दारापतूर," आई म्हणाली. दोघी इतक्या हसल्या की बैल बुजले.

शिबिराचं मला काय आठवतं? फिनेलचा वास. फरशीवर अंथरलेल्या सतरंज्या आणि त्यांवर ओळीनं निजवलेली माणसं. प्रत्येकाच्या डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही, अशी ताकीद होती. रात्री थंडीनं कुणीतरी कण्हायचं आणि लांबून छोट्या आगगाडीची शिट्टी यायची. मी आईला चमच्यानं पेज भरवायची. पडल्यापडल्या ती एकच बोलायची. "गोदीला आपण दारातच गाठू. ती सांजच्याला तांदूळ निवडत बसली आसंल. मी काय बोलायची न्हाय. नुसती हुबी ऱ्हाईन. बगू, ती वळकती का मला दिसतंय ते." एका पोरीनं दुसरीची खोडी काढायची ठरवावी तसा तिचा आवाज असे.

एकाच डोळ्याचं केलं होतं. पट्टी सुटली त्या सकाळी डॉक्टरांनी बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा तिच्या नाकावर ठेवला आणि तोंडासमोर बोटं धरली. ती तिनं बरोबर सांगितली. मग त्यांनी मला पुढं ढकललं.

आईनं माझ्याकडे बघितलं. चष्म्यामागे तिचा डोळा केवढा मोठा दिसत होता. मी श्वास धरून उभी. मला भीती वाटत होती, कशाची ते आजही नीट सांगता येणार नाही.

"गोदीनं सांगितली तशी न्हाईस तू," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "दात जरा पुढं हायती." आणि मग तिचा चेहरा असा काही हलला की नर्सबाई ओरडल्या, "रडू नका हो बाई, डोळा जाईल!" तिनं ओठ घट्ट दाबून धरले. रडणं गिळून टाकणं काय असतं ते मी त्या दिवशी बघितलं. त्यानंतर तिनं माझ्या चेहऱ्यावरून कधी बोटं फिरवली नाहीत. आता तिला गरज नव्हती. मला होती, पण ते मागून घ्यायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही, म्हणून तात्यांनी गाडीत गुडघाभर कडबा पसरला, वर गोधडी घातली आणि बैल पावलापावलानं हाकले. तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुऱ्हाळं चालू होती, उकळत्या रसाचा गोड जड वास अंगाला चिकटत होता. पाटात पाणी सुटलेलं होतं. आई बघत होती. उसाच्या तुऱ्यांवर ऊन पडलं होतं तिथं ती इतका वेळ बघत राहिली की शेत मागं पडलं तरी तिची मान वळलेलीच. एका ठिकाणी तिनं तात्यांना गाडी थांबवायला लावली. कशासाठी? तर बांधावर एक बाई धुणं वाळत घालत होती. पिवळं लुगडं. "पिवळा रंग आसा आसतोय, ते मी इसरलेच हुते," ती म्हणाली. तात्यांनी नाक शिंकरलं आणि बैलांना उगाचच शिव्या दिल्या.

गाव जवळ आलं तशी ती पदर सारखा करू लागली. कपाळावरचं कुंकू सरळ आहे का म्हणून मला विचारलं, आणि मग आपलं आपणच हसली.

आणि आम्ही लिंबापाशी आलो.

रस्ता माणसांनी बंद झाला होता. आख्खं गाव तिथं होतं. बायका, पोरं, म्हातारे, तालमीतले गडी, मास्तर, अंगात ताप असलेला देवळातला गुरवसुद्धा. लिंबाखाली एक मोटार उभी होती, तिचं एक चाक काढलेलं होतं आणि ड्रायव्हर जमिनीवर उकिडवा बसून घाम पुसत होता. मोटारीच्या उघड्या दारापाशी खुर्चीवर एक बाई बसली होती. यात्रेतल्या तंबूत जिचा सिनेमा लागायचा, ती. ती कुठून आली होती, कुठं चालली होती, कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणाला त्याची पर्वाही नव्हती.

"गाडी थांबवा तिकडंच!" गर्दीतून कुणीतरी न बघताच ओरडलं. "धुरळा उडतोय बाईंच्या अंगावर!"

तात्यांनी गाडी थांबवली. ते गाडीवरून खाली उतरले, टाचा उंचावून बघू लागले. मग त्यांनी कासरा माझ्या हातात दिला. "जरा बगून येतो," म्हणाले. आणि माझे वडील, ज्यांनी सगळी वाट डोळे पुसत गाडी हाकली होती, ते त्या गर्दीत शिरून दिसेनासे झाले.

आई गाडीत उभी राहिली होती. साटीच्या दांडीला धरून, त्या जाड चष्म्यातून, ती आपलं गाव बघत होती. इतक्या वर्षांनी. आणि तिला दिसत होत्या नुसत्या पाठी. फेटे, अंबाडे, पदर, उघड्या पोरांच्या पाठीचे मणके. एकही चेहरा आमच्याकडे नव्हता.

"काय झालंया?"

"नटी आलीया," मी म्हटलं.

"आन गोदी? गोदी कंची गं?"

मी दाखवली. हिरव्या लुगड्यातली, मैलाच्या दगडावर चढून एका हातानं लिंबाची फांदी धरलेली. मी हाक मारली, "काकूऽऽ! आई आलीऽऽ!" माझा आवाज त्या कलकल्यात कुठल्या कुठं गेला. पुन्हा मारली. जवळच्या एका बाप्यानं मान न वळवता मला "गप गं" केलं.

गर्दीतला एकच चेहरा आमच्या दिशेला होता, खुर्चीवर बसलेल्या त्या बाईचा. ती रुमालानं मान पुसत होती. समोर दुधाचा पेला कुणी धरला होता, तो ती घेत नव्हती. तिनं एकदा वर बघितलं, सगळ्यांच्या डोक्यांवरून, आणि गाडीत उभ्या असलेल्या माझ्या आईकडे तिची नजर गेली. क्षणभरच.

"दमलीया गं बिचारी," आई म्हणाली. "झोप झालेली न्हाय तिची." आणि खाली बसली. "चल, आपुन शेताच्या वाटंनं जाऊ घरला."

मी गाडी वळवली. कासऱ्यानं माझे तळवे सोलले, पण मी तात्यांना हाक मारली नाही.

गल्लीत कुत्रंही नव्हतं. आई उतरली आणि पहिलं पाऊल तिनं एखादा ओढा ओलांडावा तसं उंच टाकलं, कारण त्या चष्म्यातून जमीन जवळ आल्यासारखी वाटायची. गोदाकाकूच्या दारात सूप पडलं होतं, तांदळावर कोंबड्या चढल्या होत्या. आईनं कोंबड्या हाकलल्या, तांदूळ भरून ठेवले, आणि ती आमच्या पडवीत येऊन बसली. वाट बघत. मी उंबऱ्यावर बसून रडत होते. ती मला रडू नको म्हणाली नाही. भिंतीवरचं चुन्याचं स्वस्तिक बघत होती, कोनाड्यातला आरसा बघत होती. त्यात डोकवायचं मात्र तिनं टाळलं.

दिवेलागणीला गल्लीत गलका आला. मोटार गेली होती, गाव परतत होतं. गोदाकाकू धावतच आली. दारातच थांबली, चष्मा तिला दिसला. "आलीस व्हय गं? चष्मा बी दिला का? बरं झालं बाई, बरं झालं. बस, उठू नगंस. आदी ऐक, तुला काय सांगू!"

आणि तिनं सुरू केलं. पातळ कसं चिकणं होतं, साबणाच्या फेसासारखं. नखं कशी लाल. पाय कसे, जमिनीला कधी लागलेच नसतील असे. तालमीतल्या शिरपाच्या हातचं पाणी प्याली, तर शिरपा आता तो पेला घासायला तयार नाही. ती सांगत होती तेव्हा तिचे हात, भुवया, मान, सगळं सांगत होतं. मी आईकडे बघत होते. आई ऐकत नव्हती. ती भुकेलं माणूस ताटाकडे बघतं तशी गोदाकाकूच्या तोंडाकडे बघत होती.

"तू पायजे हुतीस गं!" गोदाकाकू म्हणाली. "पर तुला तरी काय दिसलं आसतं म्हना..."

तिथं ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं होतं.

"गोदे," आई म्हणाली, "तुजं पुढचं क्यास पिकलं गं."

गोदाकाकूनं दोन्ही हातांनी पदर ओढून तोंड झाकलं. आतून काहीतरी बोलली, ते कळलं नाही, आणि ती तशीच उठून आपल्या घरात पळाली. मला वाटलं, संपलं. आता ही कधी यायची नाही. पण तिच्या घरातून पाण्याचा आवाज आला, पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती परत आली. तोंड धुतलेलं, केस चोपून बसवलेले, ठसठशीत कुंकू, अंगावर लग्नकार्यातलं जांभळं लुगडं. घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. आईच्या समोर मांडी घालून बसली आणि तिनं पदर मागं घेतला.

"आता बग," ती म्हणाली.

आईनं मला कंदील जवळ धरायला सांगितला आणि ती बघत राहिली. गालावरची सुरकुती, कानातल्या फुलाच्या ओझ्यानं लांबलेली पाळी, मधल्या वर्षांत पडलेला एक दात. गोदाकाकू हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. आईला रडायची बंदी होती.

मग गोदाकाकू एकदम उठली. "अगं, लोकांस्नी सांगायला नगं का!" म्हणत ती अंगणात गेली. गल्लीत घोळक्याघोळक्यानं माणसं उभी होती. त्या गल्लीत बातमी सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं नुसतं "अगं बाई" म्हटलं तरी चार दारं उघडायची. "सुबीला दिसतंय!" ती ओरडली. "माजा दात पडल्याला दिसला तिला! या, बगा या!"

कुणीतरी म्हणालं, "व्हय का? चांगलं झालं." दुसऱ्यानं विचारलं, "गोदाक्का, तुमी तर दगडावरनं नीट बघितलं. बाईंच्या हातात घड्याळ व्हतं का न्हाय?" ती एका घोळक्याकडून दुसऱ्याकडे गेली. मी अंगणातून बघत होते. तिनं मास्तरांचा हात धरून ओढला, मास्तर हसले, उद्या येतो म्हणाले. तात्या तिथंच होते, घड्याळ होतं म्हणून शपथ घेत होते. पुढं कितीतरी वर्षं ते पाहुण्यांना ही गोष्ट रंगवून सांगत, आणि त्या पाहुण्यांना चहा आणून द्यायची ती माझी आईच असायची, नाकावर तो जाड चष्मा. कपाचा कान बरोबर पाहुण्याच्या हाताकडे करून ठेवायची. एकालाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

गोदाकाकू एकटीच परत आली. नव्या लुगड्याचा काठ धुळीनं भरला होता. "बहिरी झाल्यात सगळी," ती दारातून म्हणाली. "एवढी मोठी गोष्ट, आन एक मानूस येईना. काय बगायचं आन काय न्हाय, कळतंय का ह्यास्नी! मी बी त्यातलीच. दुपारपास्नं दगडावर हुबी हुते, हितं तू..." ती दारातच उभी राहिली, छाती वरखाली होत होती.

"आत ये," आई म्हणाली. "आशीच ये, तोंड पुसू नगं. राग आला की नाकपुड्या फुगत्यात तुज्या. आजून तशाच."